टिंगवाले व्याही

पुण्यात जीभ असलेली माणसं घरटी चार सापडतील, पण निव्वळ कान म्हणून जन्माला आलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. बाकीचं शरीर त्यांना देवाने ते दोन कान इकडून तिकडे नेता यावेत एवढ्यासाठीच दिलं असावं. हडपसरला आज जिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं चहाला खाली उतरतात, तिथे आमच्या व्याह्यांच्या वडिलांचा फ्लॉवर आणि ज्वारी व्हायची. घराणं बागायतदाराचं, शिक्षण इंजिनिअरिंगचं, सगळी नोकरी एका कारखान्यात यंत्रांच्या कुरकुरी दूर करण्यात गेली; पण हे सगळं त्यांच्या मते किरकोळ. लग्नकार्यात कुणी ओळख काढत विचारलं, "आपण काय करता?" तर ते शांतपणे सांगतात, "ऐकतो." समोरचा माणूस पुढे काहीतरी येईल म्हणून थांबतो. पुढे काही येत नाही.

आणि ऐकतात काय, तर एकच अल्बम. विलायतेतल्या चार केसाळ पोरांनी पन्नासएक वर्षांपूर्वी केलेला, आठ गाण्यांचा. कव्हरवर भर उन्हात, मोकळ्या शेतात, पिवळी छत्री उघडून पाठमोरा उभा असलेला एक माणूस. अल्बमचं इंग्रजी नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझं स्पेलिंग ते तपासतील आणि मग मला फोन येईल. त्यांच्या घरात त्याला नुसतं 'छत्री' म्हणतात. तर ह्या छत्रीच्या व्याह्यांकडे सतरा आवृत्त्या आहेत. गाणी तीच आठ, पोरं तीच चार, छत्री तीच एक. एकाच पुस्तकाच्या सतरा प्रती घरात ठेवणाऱ्याला आपण वेडा म्हणू, नाहीतर प्रकाशक. व्याह्यांना असं म्हटलं की ते दुखावतात. "ताई, पुस्तकात अक्षरं तीच राहतात. इथे प्रत्येक वेळी नवा माणूस बसतो, जुनी टेप समोर घेतो आणि ठरवतो की ढोल किती ऐकू द्यायचा. तुमच्या हातची आमटी आणि तुमच्या जाऊबाईंच्या हातची आमटी, डाळ एकच ना?" माझ्या जाऊबाईंच्या हातची आमटी त्यांनी एकदाच खाल्ली आहे. मुद्दा मला ताबडतोब पटला.

माझ्या मुलीने आणि त्यांच्या मुलाने आपलं आपणच ठरवलं, तेव्हा आमच्या पेठेतल्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. बोलणी करायला मी एकटी गेले. माझे यजमान त्याच्या चार वर्षं आधीच गेले होते. मानपानाची सगळी उत्तरं पाठ करून, कडक इस्त्रीची साडी नेसून गेले. व्याह्यांनी एकच प्रश्न विचारला. "आपल्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता का कधी?" म्हटलं, "होता. माझ्या दादाचा." "त्यावर काय वाजायचं?" मला त्या काळातलं एकच नाव आठवत होतं, ते मी सांगितलं. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात ते शुद्ध बोलतात, पण काळीज हललं की थेट वावरात जाऊन उभे राहतात. "आवो, मग आता बोलायचं राह्यलं काय?" म्हणाले, आणि आत बायकोला हाक मारली, "पेढे आण गं!" अशा रीतीने माझ्या मुलीचं लग्न एका छत्रीखाली ठरलं, आणि मुलीकडची बाजू म्हणून मी पंचवीस वर्षं त्या छत्रीखाली मान डोलावत बसले आहे.

आता खरं सांगून टाकते, ह्या वयात लपवून काय करायचं. तो अल्बम मला अतिशय आवडतो ही मी आयुष्यात मारलेली सगळ्यांत लांबलचक थाप आहे. ती मी पहिल्यांदा मारली तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्या मुलीचा एक फोटो आहे माझ्याकडे: घरात, सतरंजीवर, संध्याकाळी, काळा गॉगल लावून बसली आहे. आईने तेव्हाच विचारलं होतं, "डोळे आलेत का तुझे?" दादाचे मित्र रेकॉर्ड ऐकायला जमायचे. त्यांच्यात एक उंच, गंभीर मुलगा होता, त्याच्या काकांनी परदेशातून आणलेला कॅसेट रेकॉर्डर त्याच्याकडे होता. पुढे मी त्याच्याशी लग्न केलं, पण तेव्हा त्याला ह्याचा पत्ता नव्हता. तो डोळे मिटून ऐकायचा म्हणून मीही मिटायचे. फक्त मधूनमधून उघडून बघायचे की तो बघतोय का. तो बघत नसायचा. मी मान हलवायचे, तीही ठेका चुकवून, दादा म्हणायचा, "हिच्या खाली मुंग्या आहेत का बघा रे." कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की आधुनिक मुली बिनसाखरेची काळी कॉफी पितात, म्हणून मी तीही प्यायचे आणि औषध घेतल्यासारखं तोंड होऊ नये म्हणून तोंडावर केस घ्यायचे. असली ती बावळट मुलगी. तिला आज हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं असतं आणि साखरेचा डबा हातात दिला असता.

तर व्याह्यांची रविवारची बैठक. अकराला सुरू होते, म्हणजे अकराला होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी आलेल्याला बाहेर चपलांच्या शेजारी बसून पहिली बाजू संपायची वाट बघावी लागते. माझा सख्खा जावई तिथे बसलेला मी पाहिला आहे. खोलीच्या दारावर त्यांच्या अक्षरात पाटी आहे: 'गाणे चालू असताना बोलू नये. गाणे संपल्यावरही लगेच बोलू नये.' पोहे पहिली बाजू संपल्यावर मिळतात. एकदा मी पोटात कावळे ओरडतायत म्हणाले, तर ते गंभीरपणे म्हणाले, "ओरडू द्या, पण तिसऱ्या गाण्यात नको. ते हळू आहे."

बैठकीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे परीक्षा. रेकॉर्ड प्लेअरच्या पुढे विहीणबाईंची जुनी इरकल पडद्यासारखी टांगलेली; मागून व्याही एक आवृत्ती लावणार आणि आपण सांगायचं की ती कुठली. जुनी भारतीय रेकॉर्ड लागली की सुई ठेवल्यापासून मोहरी तडतडायला लागते. वाटतं आता कढीपत्ता पडणार. पहिली सीडी आली, ती इतकी स्वच्छ की फिनेलने पुसलेल्या दवाखान्यात चारही पोरं ओळीने झोपवली आहेत असं वाटावं. त्यानंतर कुणा शहाण्याने सगळ्याचाच आवाज वाढवून एक आवृत्ती काढली. तिच्यात गायक ओरडतो, गिटार ओरडते, ज्याने हळू वाजवायचं तोही ओरडतो. मंडईत सगळे भाजीवाले एकदम ओरडले की मेथी कुणाकडे आहे ते कळत नाही, तसं. जपानी रेकॉर्डमध्ये गाण्यांच्या मधली शांतता इतकी शांत की आपल्याच पोटातलं ऐकू येतं, आणि तारेवरून बोट सरकलं तर त्याचं चुर्र्र. एका वर्धापनाच्या आवृत्तीत खालचा खर्ज एवढा वाढवला होता की खिडकीतली तुळशीची कुंडी चालत चालत कडेला आली. एक सव्वा पट जाड रेकॉर्ड आहे, ती त्यांनी आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि विहीणबाईंना म्हणाले, "बघ, वजन आहे." विहीणबाई म्हणाल्या, "कणीक काढा आधी काट्यावरची." आणि एक आवृत्ती तर अशी, की तिच्यात जन्मभर डाव्या बाजूला उभा असलेला गायक मधोमध आणून ठेवलेला. त्या दिवशी व्याही जेवले नाहीत. "इतकी वर्षं जो माणूस खिडकीपाशी उभा होता," ते म्हणाले, "त्याला कुणाला न विचारता सोफ्यावर बसवला."

ह्या परीक्षेत मी कधीही नापास झाले नाही. सतराच्या सतरा ओळखते. व्याही चारचौघांत सांगतात, "ताईंचे कान सोन्याचे आहेत." कान साधेच आहेत, डोळे बरे आहेत. त्या इरकलीच्या खालून त्यांचे पाय दिसतात. जपानी लावायची असली की ते चपला काढतात. भारतीय रेकॉर्डला डावा अंगठा आधीच ठेका धरतो. ओरडणारी लावताना पाय एक पाऊल मागे सरकतात. सोफ्यावर बसवलेल्या गायकाच्या वेळी दोन्ही पाय एकमेकांवर घट्ट चढतात, रुसलेल्या मुलासारखे. तेव्हा गॉगलमधून बघत होते, आता इरकलीखालून. ऐकायचा प्रश्न दोन्ही वेळा आलाच नाही.

पण सतरा आवृत्त्या कशासाठी, हे सांगायचं राहिलं. हौस म्हणून नाही. व्याही एक वस्तू शोधत होते. छत्रीतल्या चौथ्या गाण्यात मधेच सगळं एकदम थांबतं. ढोल, गिटार, गाणं, सगळं. दोन श्वास पूर्ण शांतता, आणि मग एकटी गिटार परत येते. व्याह्यांचं म्हणणं, त्या शांततेत एक 'टिंग' आहे. बारीक, काचेवर काहीतरी लागल्यासारखी. कॉलेजात असताना होस्टेलवरच्या मित्राकडून त्यांना एक कॅसेट मिळाली होती, कुणाच्या तरी कॅसेटवरून केलेल्या कॅसेटची कॅसेट. तिच्यावर त्यांनी ती टिंग शेकडो वेळा ऐकली होती. पुढे स्वतःची रेकॉर्ड घेतली, तिच्यात टिंग नाही. सीडी घेतली, नाही. मग त्यांनी सिद्धान्त मांडला, की मूळ गाण्यात ड्रमवाल्याने एक नाजूक त्रिकोणी घंटी वाजवली होती आणि नंतरच्या लोकांनी ती खरखर समजून पुसून टाकली. आज ना उद्या एखाद्या प्रामाणिक आवृत्तीत ती परत येणार. म्हणून प्रत्येक आवृत्ती घ्यायची, चौथं गाणं लावायचं, आणि त्या दोन श्वासांत जीव कानात आणून बसायचं. सतरा वेळा.

"मग ती कॅसेटच ऐकवा की लोकांना," असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत म्हटलं होतं. त्यावर घरात पसरलेली शांतता चौथ्या गाण्यातल्या शांततेपेक्षा लांब होती. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "आवो विहीणबाई, ती मामंजींनी ज्वारीवर लावली." म्हणजे झालं असं होतं, की एका हंगामात पाखरांनी ज्वारीचा फडशा पाडायला घेतला. वडिलांना घरात एक डबी सापडली, तिच्यात चकचकीत काळी फीत. त्यांनी ती सगळी ओढून काढली आणि वावराच्या ह्या मेढीपासून त्या मेढीपर्यंत ताणून बांधली. वाऱ्यावर फीत फर्र्र वाजते, उन्हात चमकते, पाखरू जवळ येत नाही. व्याही संध्याकाळी कॉलेजातून आले तेव्हा छत्रीची आठही गाणी तीन एकरांवर फडफडत होती. "बरं वाजतंय की," वडील म्हणाले होते, "आन पाखरू बी न्हाई."

पुरावा असा ज्वारीवर गेला, आणि व्याही 'टिंगवाले' झाले. जुन्या रेकॉर्डवाल्यांच्या गटात त्यांना बघून लोक चमचे वाजवायचे. विहीणबाई जाहीरपणे म्हणायच्या, "ह्यांच्या कानात रातकिडा शिरलाय." मी काही म्हणत नसे, मी मुलीकडची. त्यांचं टिंगपुराण सुरू झालं की मला डुलकी लागायची आणि ते तिला तल्लीनता समजायचे.

गेल्या वर्षी मात्र गंमत जरा थांबली. दारावरची बेल त्यांना ऐकू येईना, विहीणबाईंचं ऐकू येईना (हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही), म्हणून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. उजव्या कानाला यंत्र बसलं. ते घेऊन ते घरी आले ते एकदम म्हातारे होऊन आले. मी भेटायला गेले तर खोलीत नुसतेच बसले होते, काही न लावता. म्हणाले, "ताई, डॉक्टरांनी विचारलं, कानात कसले आवाज येतात का, घंटीसारखे. काही जणांना तरुणपणापासून येतात म्हणे." मी म्हटलं, "मग?" "मग काही नाही. म्हणजे टिंग टेपवर नसेलच. इथे असेल." आणि त्यांनी यंत्राला बोट लावलं. ज्या माणसाला आपण काय करता विचारल्यावर 'ऐकतो' एवढंच सांगता येतं, त्याला आपण ऐकलेलं खरं होतं की नाही हेच कळेनासं झालं, तर त्याच्याकडे उरलं काय? मला त्या दिवशी काही चावट सुचलं नाही. मला न सुचणं ही गंभीर गोष्ट आहे.

आमची दोघांची सामाईक नात खराडीला नोकरी करते. तिने शोधून काढलं की छत्रीची अठरावी आवृत्ती येते आहे. "आबा, धिस इज द रिअल थिंग! मूळ टेप्स सापडल्यात, आणि त्यांनी काहीच क्लीन नाही केलंय. खोकला, खुर्ची सरकलेली, सगळं ठेवलंय." व्याह्यांनी मागवायला सांगितली आणि जाहीर केलं की ही शेवटची. हिच्यात टिंग असली तर आहे. नसली तर आपले कान आधीपासूनच वाजत होते असं चारचौघांत मान्य करायचं, आणि सतरा आवृत्त्या ज्याला हव्या त्याला देऊन टाकायच्या. विहीणबाई, ज्यांनी पंचवीस वर्षं त्या रेकॉर्डांच्या नावाने बोटं मोडली होती, त्या मला फोनवर हळूच म्हणाल्या, "घंटी निघू दे बाई. कपाट मोकळं झालं तर हे कुठं बघत बसतील?"

तो रविवार. इरकल काढून ठेवलेली, म्हणजे मला कसलीच मदत नाही. आम्ही चौघंच: व्याही, विहीणबाई, नात आणि मी. अकराला सुई टेकली. आणि इथे एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करते. मला फरक ऐकू आला. ढोल खोलीच्या कोपऱ्यातून येत होता, गायक खिडकीपाशी आपल्या जागेवर परत गेला होता, आणि कुणीतरी श्वास घेत होतं. पंचवीस वर्षं पाय बघत बसले तरी कानांनी माझ्या नकळत आपलं काम केलं होतं. चौथं गाणं आलं. सगळं थांबलं. एका माणसाने खुर्ची सरकवली. कुणीतरी नाक ओढलं. दोन श्वास झाले, गिटार आली. टिंग नव्हती.

व्याह्यांनी सुई उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा. चौथ्यांदा उचलली ती परत ठेवली नाही. "नाही," म्हणाले. मग आपल्याशीच बोलल्यासारखं, "पण मला तर त्याच्यामागचं पण ऐकू यायचं. ते मी कुणाला कधी सांगितलं नाही. टिंगलाच हसतात, त्याला किती हसतील."

"मागचं काय?" नातीने विचारलं.

"टिंगच्या मागे कुणीतरी 'च्' करायचं. वैतागून. असं." आणि त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं.

माझ्या हातातला कप बशीत आदळला.

तो 'च्' मला ओळखीचा होता. त्याच्याबरोबर मी बावीस वर्षं संसार केला आहे. भाजीत मीठ जास्त पडलं, च्. रिक्षात बसल्यावर किल्ली विसरली म्हटलं, च्. आमच्या ह्यांना रागावून बोलता यायचं नाही. जन्मभर सगळा राग त्यांनी त्या एका अक्षरात भागवला. आणि एकदम ती सतरंजी, तो गॉगल आणि दादाच्या खोलीतली ती संध्याकाळ समोर आली. त्या दिवशी रेकॉर्डची कॅसेट करायची होती. तेव्हाची पद्धत म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसमोर रेकॉर्डर ठेवायचा आणि खोलीतल्यांनी अल्बम संपेपर्यंत मेल्यासारखं बसायचं. उंच मुलाने सगळ्यांना दटावलं होतं, "कुणी हलायचं नाही." माझ्या हातात बिनसाखरेची काळी कॉफी, कारल्याच्या रसासारखी. चौथं गाणं धडाक्यात चालू झालं. मी विचार केला, एवढ्या गोंगाटात कोण ऐकतंय? आईने ट्रेमध्ये साखरेचं भांडं ठेवलं होतंच. तीन चमचे टाकले आणि ढवळायला लागले. आणि ती चार मेली एकदम गप्प झाली. ढोल नाही, गिटार नाही, काही नाही. खोलीत फक्त माझा चमचा. टिंग. त्या मुलाने पहिल्यांदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "च्." पुढे तीच कॅसेट त्याने निम्म्या पुण्याला वाटली, आणि मूळ कुणी परत केली नाही.

हे सगळं मी हडपसरच्या त्या खोलीत, दारावरची पाटी धाब्यावर बसवून, गाणं संपल्यावर लगेच बोलून टाकलं. सांगून झालं तेव्हा व्याह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "म्हणजे ड्रमवाला नाही?"

"नाही हो. मीच."

"त्रिकोणी घंटी?"

"चहाचा चमचा. स्टीलचा."

"साखर?"

"तीन चमचे."

अर्ध्या शतकाचा सिद्धान्त तीन चमचे साखरेत विरघळताना माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं. मला वाटलं, आता हे उठून जातात की काय. पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी उजव्या कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे ती टेपवर होती?"

"होती."

"मला खरंच ऐकू आलेली?"

"स्वच्छ. कॉपीच्या कॉपीवरून च् ऐकणारे कान आहेत तुमचे. सोन्याचे ते, माझे नाहीत." पायांचं मात्र मी सांगितलं नाही. एका दिवशी किती कबूल करायचं?

"हाय!" व्याही ओरडले, सगळं वावर घुमलं असतं असं. "हाय म्हणतोय मी! ऐकलंस का गं, हाय!" विहीणबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "ऐकलं, ऐकलं. अन् ते यंत्र घाला आधी कानात." नात म्हणाली, "आजी, यू आर लिटरली ऑन द बूटलेग." ते काय ते मला कळलं नाही (चोरटी कॉपी, हे मागाहून समजलं), पण तिने मला मिठी मारली.

मग व्याह्यांनी स्वतः उठून कप आणि चमचा आणला, सुई चौथ्या गाण्यावर ठेवली आणि मला खूण केली. पहिल्यांदा माझी टिंग उशिरा पडली. दुसऱ्यांदा लवकर, एकोणीस वर्षांची असताना ठेका कळत नव्हता, सत्तरीत कुठून कळणार? तिसऱ्यांदा बरोबर बसली. शांतता, टिंग, आणि पुढे अर्ध्या श्वासाची मोकळी जागा. व्याह्यांची जीभ टाळ्याला लागलेली मला दिसली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न करता तोंड मिटलं. गिटार आपली वेळेवर आली.

घरी परत येताना रिक्षात मला पहिल्यांदा उमजलं की माझ्याकडे ह्यांच्या आवाजाचं काहीच नाही. फोटो आहेत, सही आहे, दोन पत्रं आहेत. जगासाठी एवढ्या कॅसेटी भरून दिल्या, पण त्यांत स्वतःचा म्हणून एक 'च्' काय तो गेला. आणि त्यानेही एक अख्खा हंगाम हडपसरच्या ज्वारीवर पाखरं हाकली. ऐकून त्यांना बरं वाटलं असतं. काहीतरी उपयोगाचं झालं म्हणाले असते.

व्याह्यांनी आता आवृत्त्या घेणं बंद केलं आहे. एकोणिसावी आली आहे म्हणे, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्याऐवजी ते जुन्या बाजारात जातात आणि पिशवी भरून घरी केलेल्या, नाव न लिहिलेल्या कॅसेटी आणतात. रविवारी अकराला आम्ही त्या लावून बघतो. आजवर एक सत्यनारायण निघाला, एका मुलीचे पाढे, कुणाच्या तरी लग्नातले रुसलेले मामा, आणि अर्धा तास नुसता पंखा. मी त्यांना म्हटलं, "अहो, तुमची टिंग तर सापडली, आता कशाला उन्हातान्हात हिंडता?" पुढची कॅसेट पेन्सिलीने घट्ट करत ते म्हणाले, "टिंग माझी होती, ताई. च् तुमचा आहे."

मला तिथे कॉफी मिळते. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, त्यामुळे आता खरोखरच बिनसाखरेची. मी तरी रिकामा चमचा फिरवत बसते. कॅसेट सुरू होते, खरखर येते, आणि पहिला आवाज यायच्या आत मी हात थांबवते.